एकाच नावाने

14 जानेवारी 2025, मंगळवार, आदिलाबाद

संक्रांत. इथली थंडी हैदराबादच्या पाहुण्यांना सांगून पटत नाही. भीमपूर, बेला या बाजूला तर सकाळी माणसं शेकोटीपाशीच भेटतात. पहाटे शेजारच्या अक्कांनी दारात मोठा मुग्गू घातला, मधोमध शेणाचे गोळे, त्यांवर झेंडू. आमच्या उंबऱ्यावर नेहमीची रांगोळी. दुपारी वाण घ्यायला आलेल्या बायकांत तेलुगू होत्या तशाच मराठी. वाक्य एका भाषेत सुरू व्हायचं आणि दुसरीत संपायचं.

त्यातल्या एकीने तिळगूळ तोंडात टाकत विचारलं, "काऊन हो काकू, त्या दिवाळी अंकातल्या पोरीचं लग्नच नाही लावलं तुम्ही?"

म्हटलं, "तिनंच नको म्हटलं."

"असं नका करत जाऊ. आमची झोप जाते."

संध्याकाळी पुण्याहून प्रकाशकांचा फोन. मुलांच्या कादंबरीची पाठवलेली प्रकरणं त्यांना आवडली आहेत. मग जरा थांबून म्हणाले, "बाई, एक सुचवू का? या पुस्तकाला टोपणनाव घ्या. तुमचं नाव म्हटलं की लोकांना प्रेमकादंबरी आठवते, नाहीतर सासर-माहेर. मुलांसाठी पुस्तक घ्यायला आलेले आईवडील बिचकतील." दुखवायचं म्हणून नव्हे, दुकानात रोज दिसतं ते ते सांगत होते. विचार करून कळवते म्हटलं.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. तीन तऱ्हांचं लिहिताना मी वेगळं काय करते? प्रेमकादंबरीत मुलगी कुणाकडे बघते आणि कधी नजर वळवते ते लिहिते. बायकांच्या आयुष्यावर लिहिताना ती घराबाहेर पडायला कुणाकुणाला विचारते ते लिहिते. मुलांच्या अद्भुत कथेत ती कुणालाच न विचारता निघते. मुलगी तीच आहे. तिला तीन आडनावं कशी लावू?

17 जानेवारी, शुक्रवार

वडिलांच्या ट्रंकेतली ‘वीरधवल’ काढली. पुठ्ठा कधीच गेलेला, पहिली काही पानंही नाहीत. जी आहेत त्यांच्या कडा चुरतात, म्हणून मांडीवर वर्तमानपत्र अंथरून वाचायला बसले.

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. 1882 चा जन्म, मुंबईचा. शिकारीचा भारी नाद. 1905 मध्ये सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. विशीतला माणूस. इस्पितळात पडल्या पडल्या अफाट वाचलं आणि मग लिहायला घेतलं. 1908 मध्ये ‘प्रेमवेडा’ आली, 1913 मध्ये ‘वीरधवल’, 1918 ते 1920 या काळात ‘डॉक्टर’चे भाग, त्यानंतर शिवकाळावरच्या ‘स्वराज्या’च्या कादंबऱ्या. 1928 मध्ये गेले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

प्रेम, अद्भुत आणि समाजातल्या स्त्रीचा प्रश्न हे सगळं त्यांनी वीस वर्षांत, एकाच नावाने लिहिलं. तेही टोपणनावच, पण तिन्हींना मिळून एक. ‘डॉक्टर’ लिहिणाऱ्याने ‘वीरधवल’ लिहिली म्हणून मुलांच्या हातून कुणी ती काढून घेतली नाही. खरं म्हणजे ‘वीरधवल’ मुलांची म्हणून लिहिलेलीच नव्हती. मुलांनी ती स्वतःहून आपली केली. वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी घरात एक प्रत होती, आणि आत्याचं वाचून होईपर्यंत ती कुणाला मिळायची नाही. आत्या बालविधवा. भुयारं, कट, तलवारी यांत तिला काय सापडत होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. सबंध आयुष्यात ज्या बाईला वेस ओलांडायला मिळाली नाही, तिच्यासाठी ते पुस्तक बालवाङ्मय नव्हतं.

अद्भुत फक्त मुलांचं, प्रेम फक्त तरुणांचं आणि सासर-माहेर फक्त बायकांचं, ही वाटणी दुकानातल्या फळीवर ठीक आहे. घरात पुस्तक एकदा आलं की ते सगळ्यांच्या हातून जातं.

21 जानेवारी, मंगळवार

मार्केट यार्डात जाऊन आले. नव्या प्रेमकादंबरीतले दोघं कापसाच्या रांगेत भेटतात, आणि ती रांग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायची नव्हती.

गाड्या आदल्या रात्रीपासून लागतात. बैलगाडी आता क्वचित. टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वर जाळी किंवा जुन्या साड्या जोडून केलेलं झाकण. पहिली परीक्षा ओलाव्याची. माणूस ट्रॉलीवर चढतो, मीटरची लांब सळई कापसात खुपसतो आणि आकडा वाचतो. मग दुसऱ्या जागी, मग अगदी खालच्या थरात. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव. त्यापुढे बारापर्यंत टक्क्यागणिक कपात. बारावर गेला की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, घेत नाही, मग खासगी व्यापारी देईल तो भाव. लांब धाग्याच्या कापसाला यंदाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये. मी उभी होते त्या ट्रॉलीचा पहिला आकडा अकरा आला. शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नाही, त्याच्या बायकोकडे पाहत होते. तिने मुठीतला कापूस दोन बोटांत चोळला, सळई जिथे घुसली होती त्या भोकाकडे पाहिलं आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "खालचा पऱ्हाटीवरून उशिरा वेचलेला हाय. वरचा पाहा म्हणावं." वेचणी तिची. कुठल्या थरात कुठल्या दिवसाचा कापूस आहे हे तिला पाठ होतं. पट्टी मात्र नवऱ्याच्या नावाची झाली.

प्रेमकादंबरीला हवं होतं ते मिळालं. नायिकेला आता मी रांगेत नुसती उभी ठेवणार नाही. तिच्या बोटांना ओलावा कळतो, आणि नायक मीटर धरणारा आहे. त्यांची पहिली बोलाचाली आकड्यावरूनच होईल.

पण घरी येताना रिक्षात जे सुचलं ते मुलांच्या कादंबरीसाठी होतं. गेले काही आठवडे तिथलं एक प्रकरण जागचं हलत नव्हतं. पाऊस हरवलेल्या गावातली मुलगी ढगांच्या शोधात निघते, इथवर ठीक. पण ढग मिळतात कुठे? आज समजलं. ढगांचा बाजार भरतो. रात्री, यार्डातच. ट्रॉल्यांत जाळीखाली दाबून आणलेले ढग असतात. कुणीतरी वर चढून सळई खुपसतो. फरक एवढाच की इथे ओलाव्याने भाव पडतो, आणि तिथे ओलाव्यावरच भाव चढतो. कोरडे, दिसायला पांढरेशुभ्र ढग घेऊन आलेले शेतकरी तिथे खाली मान घालून परततात. मुलीला ओलावा बोटांनी कळतो, कारण आईबरोबर तिने कापूस वेचला आहे. बाजाराचा मीटर खोटा दाखवतो आहे हे तिच्याच लक्षात येतं.

रात्री जेवणं झाल्यावर लिहायला बसले आणि उठले तेव्हा अक्कांच्या दारात सडा पडत होता.

25 जानेवारी, शनिवार

नातीला ते प्रकरण वाचायला दिलं. ती इंग्रजी शाळेत पाचवीला आहे. तेलुगू शाळेतून शिकली, देवनागरी हिंदीच्या पुस्तकातून. त्यामुळे मराठी वाचताना सुरुवातीला अडखळते, ‘आहे’वर हमखास थांबते. ‘ळ’ हिंदीच्या तिच्या पुस्तकात नाही, तरी उच्चार अचूक करते, कारण तो तिला तेलुगूने दिलेला आहे. तेलंगणात दहावीची परीक्षा मराठीतून देता येते आणि सीमेवरच्या मंडलांत मराठी शाळा अजून आहेत, पण शहरातली आमच्यासारखी घरं मुलांना तिथे घालत नाहीत. म्हणजे माझी मुलांची कादंबरी प्रत्यक्षात कोण वाचणार? बऱ्याच घरांत आजी वाचणार आणि मूल ऐकणार. हे मी लिहितानाच धरून चालते. वाक्य मोठ्याने वाचून पाहते. जिथे माझा श्वास तुटतो तिथे वाक्य तोडते.

सासूबाई बाजेवर बसून ऐकत होत्या. चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांचं माहेर किनवट. 1956 पर्यंत किनवट आणि राजुरा याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. भाषावार रचनेत ते तालुके पलीकडे गेले आणि आम्ही अलीकडे राहिलो. त्या अजूनही "पल्याड" म्हणतात ते माहेराला.

नात मध्येच थांबली. "आजी, ही रात्रभर बाजारात हिंडते. जेवली कधी?"

सासूबाई म्हणाल्या, "आनं घरी तिची माय झोपली कशी?"

दोघींचेही प्रश्न वहीत उतरवून घेतले. अद्भुत कथेत शिधा लागतो, आणि घरी कुणीतरी जागं असावं लागतं. बायकांच्या कादंबऱ्या लिहिताना घरात डबा कुणी भरला, दिवा कुणी मालवला याचा हिशेब ठेवायची सवय लागली, तीच इथे उपयोगी पडणार. आईला आता एक प्रकरण द्यायचं. ती झोपलेली नाही. पोर कुठे गेली हे तिला ठाऊक आहे, कारण लहानपणी ती स्वतः गेली होती.

30 जानेवारी, गुरुवार

केस्लापूरला जाऊन आलो. नागोबाची जत्रा. पौष अमावास्येच्या रात्री महापूजा झाली. गोंडांमधल्या मेस्राम घराण्याचे लोक त्याआधी अनवाणी चालत जाऊन हस्तिनमडुगूहून गोदावरीचं पाणी आणतात आणि त्या पाण्याने नागोबाला अभिषेक होतो. पूजेनंतर घराण्यात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट घालून देतात. ‘भेटिंग’ म्हणतात त्याला. पांढऱ्या लुगड्यात, चेहरा झाकलेल्या, एकामागून एक, पुढे म्हाताऱ्या बाया. नव्या घरातल्या देवाने सुनेला ओळखणं हा लग्नाचा भागच आहे. माझ्या सासर-माहेराच्या कादंबऱ्यांतून सून अशी समारंभाने कुणाच्या ओळखीची करून दिलेली नाही. तिला आपलं आपणच ओळखीचं व्हावं लागतं.

परधान या गोंडांच्या गायकांची किंगरी ऐकली. गोंडांच्या देवांना गुहेत कोंडलं होतं आणि पहांदी कुपार लिंगोने त्यांना सोडवलं, ती कथा ते गातात. बरोबरची मैत्रीण म्हणाली, "घ्या की ही तुमच्या पुस्तकात. आयती अद्भुत आहे." नाही घेणार. माझ्यासाठी ते अद्भुत असेल, गाणाऱ्यासाठी आणि समोर हात जोडून बसलेल्यांसाठी तो त्यांच्या देवांचा इतिहास आहे. ढगांच्या बाजारात मी मनाला येईल ते करू शकते, कारण तो बाजार मी मांडला आहे. लिंगोची कथा मुलांसाठी लिहायची तर ती गोंड लेखकाने लिहावी, गोंडीत किंवा त्याला हव्या त्या भाषेत.

तशी पुस्तकं या मुलखात पूर्वी झालीही आहेत. 1940 नंतरच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी मार्लवाईला गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र काढलं, गोंडी वाचनमाला तयार करवल्या. त्या देवनागरीत होत्या. या डोंगरातल्या मुलांना स्वतःच्या भाषेतला धडा पहिल्यांदा त्याच अक्षरांत भेटला ज्यांत मी लिहिते. मार्लवाई आता आमच्या जिल्ह्यात नाही, 2016 मध्ये जिल्ह्याचे चार झाले तेव्हा ते आसिफाबादकडे गेलं.

8 फेब्रुवारी, शनिवार

टोपणनावांचा विचार सोडत नाही.

1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. केवढा गदारोळ झाला. ही बाई कोण, खरीच बाई आहे का, इथपर्यंत चर्चा. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या तरुणीने अविवाहित, शिकलेल्या मुलींच्या मनातलं लिहिलं होतं. नाव उघडं असतं तर नोकरी आणि घर दोन्हींवर गदा आली असती. तिथे टोपणनाव म्हणजे आडोसा होता, आणि तो घेऊनही त्यांनी लिहिलं ते धाडसाचंच.

अमेरिकेत लुइझा मे अल्कॉट यांनी उलट केलं. पहिलं पुस्तक पऱ्यांच्या गोष्टींचं, ते स्वतःच्या नावाने. ‘लिटल विमेन’ही स्वतःच्या नावाने, जी शांताबाई शेळक्यांनी ‘चौघीजणी’ म्हणून मराठीत आणली आणि आमच्या पिढीतल्या मुलींनी पुन्हा पुन्हा वाचली. पण सूड, फसवणूक, पेटलेलं प्रेम असल्या कथा मात्र ए. एम. बर्नार्ड या नावाखाली छापल्या. घर चालवायला पैसे त्याच कथा देत होत्या. त्यांच्याबद्दल वाचताना मला सारखं वाटतं की ‘लिटल विमेन’मधली ज्यो जिच्या पोटातून आली ती बाई या दोन्ही नावांची मिळून होती.

मला आडोसा कशापासून हवा आहे? कुणी नोकरीवरून काढणार नाही. घरात कुणी बोलणार नाही. लपवायचं म्हटलं तर एकच गोष्ट उरते, प्रेमकादंबऱ्या लिहिल्याची. आणि ती लपवायला माझी तयारी नाही. बेल्याच्या एका मुलीने मला लिहिलं होतं की माझी कादंबरी वाचून तिने घरी सांगितलं, मुलगा आधी भेटू दे, मग साखरपुडा करा. हे पत्र मी जपून ठेवलं आहे. त्या पुस्तकाकडे पाठ फिरवून मुलांना तोंड दाखवायचं?

काशीबाई कानिटकरांची ‘पालखीचा गोंडा’ही याच संदर्भात डोळ्यांसमोर येते. 1928 ची. बायकांच्या हाती कारभार असलेलं संस्थान त्यांनी त्यात उभं केलं. स्त्रीप्रश्न आणि अद्भुत एकाच पुस्तकात, तेही स्वतःच्या नावाने, आणि बाई तेव्हा साठी ओलांडलेल्या.

16 फेब्रुवारी, रविवार

नेरेडिगोंड्याजवळून आत वळून कुंतालाला गेलो. कडेम नदीचा धबधबा, पंचेचाळीस मीटरच्या आसपास उंची. या दिवसांत पाणी कमी, काळा खडक उघडा. शकुंतलेवरून हे नाव पडलं असं इथले सांगतात. दुष्यंत तिला इथे भेटला म्हणे. शिवरात्रीला खालच्या सोमेश्वराला गर्दी होते, त्याची तयारी चालू होती.

कादंबरीतल्या ढगांच्या बाजाराचं दार मी या धबधब्याखालच्या डोहात ठेवलं होतं. पायऱ्या उतरून काठाशी उभी राहिले आणि ते काढायचं ठरवलं. या डोहात दरवर्षी कुणी ना कुणी बुडतं. धोक्याच्या पाट्या आहेत. मुलं गोष्ट खरी मानतात, म्हणून तर त्यांच्यासाठी लिहायचं. त्यांना ज्या पाण्यात पाय घालायला बंदी आहे तिथे दार आहे असं मी सांगणार नाही.

दार आता यार्डातल्या वजनकाट्यावर. दिवसा त्यावर ट्रॉल्या चढतात. रात्री काट्यावर एकटं मूल उभं राहिलं आणि आकडा शून्य आला, की समजायचं बाजार उघडला. नातीला परतताना गाडीत सांगितलं. तिने लगेच विचारलं, "शून्य काऊन? पोरीला वजन नाही का?" सांगितलं, दिवसा तिचं वजन कुणी धरतच नाही, काटा तेच दाखवतो. थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसली आणि मग म्हणाली, "परत येताना तरी पूर्ण वजन दाखव."

दाखवणार. शेवटचं प्रकरण तिने मला देऊन टाकलं.

23 फेब्रुवारी, रविवार

दिल्लीचं अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन आज संपलं. अध्यक्ष ताराबाई भवाळकर. 1961 च्या कुसुमावती देशपांडे यांच्यापासून मोजलं तर या सहाव्या. सासूबाईंना मोबाइलवर भाषणाचा भाग लावून दिला. ओव्या, जात्यावरची गाणी यांचा ज्यांनी जन्मभर अभ्यास केला त्या बाई मंचावर बसलेल्या पाहून सासूबाई म्हणाल्या, "हे तर आमचंच."

जात्यावरच्या ओवीत बाई नवऱ्याची आठवण काढते, सासूचं गाऱ्हाणं सांगते, आणि मांडीवरच्या लेकराला चंद्रसूर्याच्या गोष्टीत नेते. दळण एकच असतं. त्यातली कुठली ओवी कुठल्या नावावर टाकायची हे तिला कुणी विचारलं नाही. गौरी देशपांडे यांनी प्रेमावर आणि बाईच्या मोकळेपणावर लिहिलं आणि अरबी कथांचा अवाढव्य ग्रंथही मराठीत आणला, तेव्हा मला ते अगदी स्वाभाविक वाटलं होतं. त्या कथांतली शहरजादही राजाला एका रात्री प्रेमकथा सांगते, दुसऱ्या रात्री जिनाची.

आमच्या आदिलाबादचे सामल सदाशिव तेलुगू, उर्दू, मराठी, हिंदी यांत सहज वावरत. संगीतावरच्या तेलुगू लेखांसाठी त्यांना 2011 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चार भाषांच्या रसिकांत ते ‘सदाशिव सर’ म्हणूनच ओळखले जात. या गावात राहून लेखकाने नावाची वाटणी करावी, हे मला गावालाही शोभणारं वाटत नाही.

26 फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपास. सकाळी साबुदाणा भिजत घातला आणि प्रकाशकांना पत्र लिहिलं. फोनवर बोलले असते तर त्यांच्या भिडेखातर मवाळ झाले असते.

लिहिलं की पुस्तक माझ्याच नावाने यावं. जो बिचकेल त्याने पहिलं प्रकरण दुकानात उभं राहून वाचावं, एवढी विनंती मुखपृष्ठाच्या आत छापा. शेवटच्या पानावर माझ्या बाकीच्या पुस्तकांची यादी येते तीही गाळू नका. मुलांना हे पुस्तक वाचून दाखवणारी आजी किंवा आई ते पान पाहील, आणि तिच्यासाठीही माझ्याकडे काही आहे हे तिला कळेल. मूल मोठं होईल तेव्हा त्यालाही कळेल.

2 मार्च, रविवार

त्यांचं उत्तर आलं. नाव राहील. यादीही राहील, पण तिच्यात मुलांची पुस्तकं वर आणि बाकीची खाली, मध्ये रेघ, असं त्यांचं म्हणणं. मी कळवलं की यादी प्रकाशनसालाप्रमाणे लावा, रेघ नको.

आईचं प्रकरण आज सुरू केलं. ती वजनकाट्यावर पाय ठेवते आणि आकडा शून्य येत नाही. ती मोठी झाली आहे, तिच्यासाठी बाजार उघडत नाही. मग ती यार्डाच्या फाटकाबाहेर पोरीसाठी भाकरी घेऊन बसते, आणि रखवालदार तिला हटकतो. त्या दोघांचं बोलणं लिहायचं आहे. रखवालदार तिच्याच गावचा आहे, तिच्या वयाचा. लहानपणी ती बाजारात गेली होती, तेव्हा काट्यापर्यंत तिच्याबरोबर आला होता तो हाच असावा असं मला दुपारपासून वाटतंय.